मुख्य कलाकाराच्या आधीचा बँड: ऐकायचा तरी कसा?

तुर्भे_लोकल

गेल्या महिन्यात एका मोठ्या मैदानावर परदेशी कलाकाराचा कार्यक्रम होता. त्याच्या आधी आपल्याकडचा चौघांचा एक बँड वाजवणार होता. मी तिकीट काढलं ते या चौघांसाठी. दोन वर्षं त्यांची गाणी लोकलमध्ये, भांडी घासताना, आजारी असताना ऐकतेय. समोर उभं राहून कधीच ऐकलं नव्हतं.

शनिवारी अर्धा दिवस टाकून दीडला ठाण्याहून निघाले, अडीचला मैदानाबाहेर पोचले. तिकिटावर एकच वेळ होती: 'प्रवेश ३ पासून'. कोण किती वाजता वाजवणार याचा पत्ता नाही. प्रवेश सुरू झाला चारला. पहिल्या तपासणीत पर्स नियमापेक्षा मोठी निघाली, ती ठेवायला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जा म्हणाले. तिथली रांग संपवून आले तर मनगटाला बांधायची पट्टी वेगळ्या खिडकीवर. ५ वाजून १० मिनिटांनी भिंतीपलीकडून ढोलकासारखा धप धप आवाज यायला लागला. गाणं ओळखलं, शब्द एकही कळला नाही. आत पाय ठेवला तेव्हा गायिका माइक स्टँडला लावून हात हलवत निघाली होती. मी तिथेच गवतावर बसून रडले.

पुढचा मुख्य कार्यक्रम चांगला झाला, तक्रार नाही. पण या आधीच्या बँडचं ऐकणं इतकं अवघड का? तुम्ही कसं जमवता? आणि माझं ठाम मत: तिकिटावर प्रत्येकाची वेळ छापलीच पाहिजे.

नेरूळची_चिंच

अरेरे. तुमचं वाचून मलाच वाईट वाटलं.
मैदानाजवळच राहते म्हणून अनुभवाचे बोल: पर्स न्यायचीच नाही. मोबाइल, ओळखपत्र, थोडे सुटे पैसे, बस्स. पाण्याची बाटली, पॉवर बँक, छत्री, डबा यातलं काही ना काही अडतंच. आणि मनगटाची पट्टी आदल्या दिवशी मिळत असेल तर आदल्या दिवशी जाऊन घ्यायची.

चौथी_रांग

मी उलट बाजूचा. मी पैसे भरतो ते एका कलाकारासाठी. त्याच्या आधी कोण येणार हे मला विचारून ठरत नाही. तीन तास उन्हात उभं राहून, पाय मोडून घेऊन, ओळखीचं एक गाणं नसलेला कार्यक्रम का ऐकायचा? मी घरून चहा पिऊन आरामात साडेसहाला निघतो. मूळ धाग्यातल्या ताईंचं दुःख कळतं, पण त्या अपवाद आहेत. शंभरातले नव्वद लोक माझ्यासारखे असतात आणि त्यात काही गैर नाही.

कऱ्हाडी_कांदा

@चौथी_रांग, म्हणजे लग्नाला जाऊन थेट पंगतीत बसणारे तुम्हीच!

चौथी_रांग

हो, आणि आहेर देऊन बसतो. :)

हडसनकाठ

अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून लिहितोय. इकडे लहान क्लबांत तिकिटावर दोन वेळा असतात, दारं ७, शो ८. नवीन आलेल्यांना वाटतं मुख्य बँड ८ ला येणार. तो येतो सव्वानऊला. ८ म्हणजे पहिल्या बँडची वेळ. बहुतेक क्लब त्या दिवशी दुपारी सगळ्यांच्या वेळा इन्स्टाग्रामवर टाकतात. टाकल्या नाहीत तर मी फोन करून विचारतो, सांगतात. दुसरं म्हणजे त्याच दौऱ्यातल्या आधीच्या शहरात जाऊन आलेल्यांना विचारायचं. गाव बदललं तरी दौऱ्याचं वेळापत्रक फारसं बदलत नाही.

इकडची अडचण वेगळी. पहिल्या बँडच्या वेळी खोलीत तीस माणसं असतात, त्यातली वीस बारपाशी गप्पा मारतात. दहा जणांसमोर एखादी मुलगी जीव तोडून गाते आणि दोन गाण्यांमध्ये ग्लासांचा आवाज तिच्या आवाजापेक्षा मोठा असतो. मला ते बघवत नाही, म्हणून मी अगदी पुढे जाऊन उभा राहतो. एक चेहरा तरी तिच्याकडे बघणारा असावा.

किक_पेडल

मी ड्रम वाजवतो. आमचा बँड सहा-सात वेळा मोठ्या नावांच्या आधी वाजवून आलाय, त्यामुळे स्टेजवरून काय दिसतं ते सविस्तर लिहितो.

साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, उलट्या क्रमाने होतो. मुख्य कलाकार आधी, मग त्याच्या आधीचा, आणि सगळ्यात पहिल्यांदा वाजवणाऱ्याचा सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे: शेवटी ज्याचं सामान मांडलं जातं त्याचंच सामान पुढे राहतं, म्हणजे लगेच सुरू करता येतं. कागदावर हे उत्तम. प्रत्यक्षात मुख्य कलाकाराची चाचणी लांबते आणि आमच्या वाट्याची वेळ कापली जाते. एकदा आम्हाला साउंड चेक मिळालाच नाही. लोक आत शिरत असताना फक्त लाइन चेक, म्हणजे प्रत्येक वायरीतून आवाज येतोय की नाही एवढंच बघायचं. आवाज चांगला येतोय का, गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू येतंय का, हे पहिल्या गाण्यात कळतं, लोकांसमोर.

जागा. मुख्य कलाकाराचे ड्रम उंच चौथऱ्यावर काळ्या कापडाखाली झाकलेले असतात, त्यांना हात लावायचा नाही. आमचे त्यांच्यापुढे, स्टेजच्या ओठावर. बेसवाला माझ्या झांजेला कोपर लागू नये म्हणून एका पायावर वाजवतो. तुम्हाला खालून वाटतं की ही पोरं अवघडून उभी आहेत. त्यांना हलायला जागाच नसते.

आणि आवाज. आमच्यासोबत स्वतःचा साउंड इंजिनिअर क्वचितच असतो. कन्सोलवर, म्हणजे सगळ्यांचा आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रावर, बसलेल्या माणसाने आमचं गाणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं असतं. गिटारचा सोलो येतोय हे त्याला सोलो सुरू झाल्यावर कळतं, तो आवाज वाढवेपर्यंत सोलो संपलेला असतो. काही ठिकाणी एकूण आवाजावर मर्यादाही घातलेली असते. बंद सभागृह असेल तर आणखी एक गोष्ट: माणसांची अंगं आवाज शोषतात. सभागृह रिकामं असताना आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि सगळं गढूळ होतं. तोच बँड, तेच स्पीकर, पण दीड तासाने भरलेल्या सभागृहात वेगळा ऐकू येईल.

हे सगळं २५ मिनिटांत. एक तार तुटली तर त्यातली तीन गेली.

त्यामुळे पुढच्या वेळी 'ओपनर बेकारच होता' म्हणण्याआधी एवढं आठवा, ही मनापासून विनंती.

तुर्भे_लोकल

@किक_पेडल, दोनदा वाचलं. मग ऐकणाऱ्याने उभं कुठे राहायचं? पुढे की मागे?

किक_पेडल

कन्सोलच्या जवळ. मैदानाच्या मधोमध किंवा जरा मागे जो तंबू असतो, त्याच्या पुढ्यात. इंजिनिअर त्याच्या कानाला जे ऐकू येतं त्यावरच आवाज बसवतो, म्हणजे त्याच्या शेजारी सगळ्यात खरा आवाज. पहिल्या बँडच्या वेळी तिथे गर्दी नसते. अगदी कठड्याला चिकटून उभं राहिलात तर चेहरे दिसतील, पण मोठे स्पीकर दोन बाजूंना लांब राहतात आणि समोरून फक्त ड्रम आणि गिटारचे ॲम्प ऐकू येतात. गाणारीचे शब्द हवे असतील तर मागे या.

उंची_पाच_फूट

कन्सोलपाशी मला लोकांच्या पाठी दिसतात, दादा.
माझी अडचण सांगते. कठड्याजवळची जागा धरायची तर दारं उघडल्या उघडल्या पळायचं आणि मग हलायचं नाही. पहिला बँड, मधली तयारी, दुसरा बँड, पुन्हा तयारी, मग मुख्य. चार-पाच तास पाणी बेतानं प्यायचं, कारण एकदा स्वच्छतागृहाकडे गेलं की जागा गेली. सोबत मैत्रीण असेल तर आळीपाळीने जाता येतं. एकटी असेन तर नाही. आणि गर्दी वाढली की मागून धक्के सुरू होतात, त्यातले काही मुद्दाम मारलेले असतात हे इथल्या बायकांना वेगळं सांगायला नको. म्हणून पहिला बँड संपला की मी कठडा सोडते. ज्यांच्यासाठी आले त्यांना जवळून पाहिलं, मोठ्या कलाकाराला पडद्यावर बघते. माझ्यापुरता हा हिशेब मला पटलाय.

संत्री_मार्केट

आमच्या नागपूरले तर मे महिन्यात पाच वाजता ओपनर ऐकाचा म्हणजे ओपनर नाही, भाऊ, कढईच आहे ते.

कायद्याचं_बोला

पाच वाजता का, याचं उत्तर कायद्यात आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं, आणि ते दिवस बहुधा सणांना जातात. आता मागे मोजा. दहाला संपवायचं, मुख्य कलाकाराचे दोन तास, म्हणजे तो आठला येणार. त्याच्याआधी अर्धा-पाऊण तास मांडामांड. मग एक ओपनर, त्याच्याआधी अजून एक. पहिला बँड पाच-साडेपाचला येणारच. विलायतेत अकरा-साडेअकरापर्यंत बंद सभागृहात चालतं, म्हणून तिथे ओपनर साडेसातला येतो आणि नोकरी करणाऱ्याला गाठता येतो.

नियम चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. लोकांना झोप हवी, शेजारी दवाखाने असतात. धोबी तलावाचं रंगभवन शांतता क्षेत्रात मोडलं म्हणून तिथले कार्यक्रम थांबले, त्याचं मला अजून दुःख आहे, पण शेजारच्या रुग्णालयांचंही म्हणणं खरं होतं. माझा आग्रह बंद, ध्वनिरोधक, मध्यम आकाराच्या सभागृहांचा आहे. ती असती तर हा धागाच निघाला नसता.

साडेपाचचा_पटदीप

विषय जरा माझ्या अंगणात नेतो. आमच्या सवाई गंधर्व महोत्सवात (१९५३ पासून, पुणे) हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. परंपरा अशी की तरुण कलाकार आधी, बुजुर्ग शेवटी. पूर्वी रात्रभर चालायचं तेव्हा सुरुवातीच्या गायकालाही भरलेला मंडप मिळायचा, कारण लोक सतरंज्या टाकून मुक्कामालाच यायचे. आता दहाच्या मर्यादेमुळे दुपारीच सुरुवात होते. पहिला तरुण गायक मुलतानी किंवा पटदीप मांडतो तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि अर्धे लोक बाहेर भज्यांपाशी.

पण यात एक सुंदर गोष्टही आहे. दुपारचे राग मैफलींत फार कमी ऐकायला मिळतात, कारण मैफली संध्याकाळनंतर. ते ऐकायचे तर पहिल्या कलाकारालाच जायला हवं. मी गेली कित्येक वर्षं पहिल्या तंबोऱ्याला हजर असतो. आज ज्यांचं तिकीट मिळत नाही अशा तिघांना मी तिथेच, मोकळ्या मंडपात ऐकलंय.

चौथी_रांग

ही तुलना बरोबर नाही. सवाईत प्रत्येक कलाकार त्याच परंपरेतला असतो आणि ऐकणारा गाणं ऐकायला आलेला असतो, एका माणसाला बघायला नाही. रॉक कार्यक्रमात बऱ्याचदा ओपनर आणि मुख्य कलाकार यांचा सांधाच जुळत नाही.

जुनी_कॅसेट

सांधा न जुळण्याची सगळ्यात मोठी गोष्ट १९६७ची. द मंकीज हा त्या वेळी अमेरिकेतल्या शाळकरी मुलींचा लाडका बँड. त्यांच्या दौऱ्यात आधी वाजवायला कोण? जिमी हेंड्रिक्स! जूनमध्ये माँटेरी महोत्सवात गिटार पेटवून आलेला माणूस, जुलैमध्ये या मुलींसमोर. त्या मंकीजच्या नावाने ओरडत राहिल्या. काही कार्यक्रमांनंतर तो दौऱ्यातून बाहेर पडला.

दुसरी १९८१ची. लॉस एंजलिसच्या कॉलिझियममध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी प्रिन्स. लोकांनी हुर्यो उडवली, हाताला येईल ते फेकलं, तो अर्ध्यात स्टेज सोडून गेला. समजूत काढल्यावर दोन दिवसांनी पुन्हा त्याच स्टेजवर आला, पुन्हा तेच. तीन वर्षांनी तो जगातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक होता.

त्या दिवशी मैदानात असलेल्या माणसांचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. प्रिन्स समोर होता, आणि त्यांनी ऐकला नाही.

मेडन_मेडन

मी १७ मार्च २००७ ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर होतो. पुण्याहून रात्रभर बस. आयर्न मेडन या इंग्लंडच्या मेटल बँडच्या आधी गायिका लॉरेन हॅरिस आणि दिल्लीचा परिक्रमा बँड. गर्दीत माझ्यासकट सगळे 'मेडन, मेडन' ओरडत होते. मेडनचे चाहते आधी येणाऱ्या कुणालाच सोडत नाहीत, ही जगभरची ख्याती. आणि परिक्रमामध्ये व्हायोलिन आहे. मेटलच्या गर्दीसमोर व्हायोलिन! मला वाटलं आता खैर नाही. पण दोन-तीन गाण्यांत माझ्या आजूबाजूचा आरडाओरडा थांबला, माना हलायला लागल्या. शेजारचा एक दाढीवाला, जो सगळ्यात मोठ्याने ओरडत होता, तो शेवटी दोन्ही हात वर करून उभा होता. त्याच वर्षी परिक्रमा इंग्लंडमधल्या डाउनलोड महोत्सवात वाजवून आला. मला तो कार्यक्रम आठवतो तेव्हा आधी ते व्हायोलिन ऐकू येतं.

२०११ला मेटालिका, तिथेच. तेव्हा आपल्याकडचे इनर सँक्टम आणि गिलोटिन आधी होते. त्या वेळी मात्र मी अगदी पहिल्या सुरापासून आत होतो.

मीरा_रोडची_मीनाक्षी

एक नवी अडचण कुणी लिहिली नाही: मोबाइल. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेच्या आधी जसलीन रॉयल, एल्याना आणि शोन होते. दुसऱ्या दिवशी जसलीनच्या गाण्याचे तुकडे फिरायला लागले आणि जो तो तिच्यावर तुटून पडला. तिचं गाणं आवडलं नाही असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण त्यातल्या बहुतेकांनी काय ऐकलं? लांबून मोबाइलवर उतरवलेला काही सेकंदांचा आवाज. @किक_पेडल यांनी लिहिलेली अडचणींची यादी वाचल्यावर तर मला जास्तच वाटतं की समोर उभं राहून न ऐकलेल्या गाण्यावर इतकं कठोर बोलू नये. पूर्वी ओपनरचा वाईट दिवस त्या मैदानापुरता राहायचा. आता तो वर्षानुवर्षं तिच्या नावाला चिकटून राहतो.

चौथी_रांग

इथे शंभर टक्के सहमत. मी उशिरा येतो, पण न ऐकता नावं ठेवत नाही.

कान_नाक_घसा

डॉक्टर म्हणून एक गोष्ट. तीन बँड ऐकायचे म्हणजे कानांवर तिप्पट भार. कामाच्या ठिकाणासाठी मानलं जाणारं एक माप सांगतो: ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि रॉक कार्यक्रमात १०० सहज होतं. पहिल्या बँडच्या पहिल्या गाण्यापासून इअरप्लग घाला. संगीतासाठी वेगळे मिळतात, ते आवाज कमी करतात पण शब्द गढूळ करत नाहीत. मुख्य कार्यक्रमापर्यंत कान ताजे राहतात. लहान मुलांना कानावर मफ लावल्याशिवाय नेऊच नका.

उंची_पाच_फूट

कापूस चालेल का?

कान_नाक_घसा

नाही. कापसाने फार काही अडत नाही.

हडसनकाठ

पैशांबद्दल थोडं. पहिल्या बँडला मिळणारे पैसे बऱ्याचदा गाडीच्या पेट्रोलला पुरत नाहीत. काही दौऱ्यांत तर उलट बँडलाच जागेसाठी पैसे मोजावे लागतात. म्हणून दाराजवळच्या टेबलावर ते स्वतःच टी-शर्ट, रेकॉर्ड घेऊन उभे असतात. गाणं आवडलं तर तिथे जा, एक टी-शर्ट घ्या, नाव सांगा. मुख्य कलाकार भेटणं शक्य नसतं, ही मंडळी भेटतात, बोलतात. माझ्या कपाटात असे अकरा शर्ट आहेत. त्यातले दोन बँड आता मोठे झाले, चार बंद पडले. बंद पडलेल्या एका बँडचा शर्ट घालून मी परवा दुकानात गेलो तर रोखपाल म्हणाला, 'मी या बँडमध्ये बेस वाजवायचो.' आम्ही दोघं मागची रांग विसरून बोलत राहिलो.

किक_पेडल

@हडसनकाठ, हे वाचून आज रियाजाला बसताना बरं वाटेल. आमचेही चाळीस शर्ट पडून आहेत.

कऱ्हाडी_कांदा

एक एक्स्ट्रा लार्ज माझ्या नावावर ठेवा.

चौथी_रांग

मूळ प्रश्नाकडे येतो. वेळा छापायच्या या मागणीला माझा पाठिंबा आहे, माझ्या स्वतःच्या कारणासाठी. ओपनर नक्की कधी हे कळलं तर मी शेवटची दहा मिनिटं तरी ऐकीन. आत्ता कळतच नसल्यामुळे सरसकट उशिरा येतो. आयोजकांनाही फायदाच आहे, सगळी गर्दी एकदम साडेसहाला दारावर येणार नाही.

कायद्याचं_बोला

वेळा ऐनवेळी बदलतात म्हणून छापत नाहीत, असं उत्तर येईल. मान्य. तिकिटावर नको, पण आदल्या रात्री संदेश पाठवायला काय हरकत आहे? तिकीट घेताना मोबाइल नंबर घेतलेलाच असतो.

तुर्भे_लोकल

सगळ्यांचे मनापासून आभार. आपल्याच माणसांत बोलल्यासारखं वाटलं.

एक बातमी आहे. मी त्या बँडला इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं, भिंतीपलीकडून ऐकलं म्हणून. काल त्यांच्या गायिकेचं उत्तर आलं. ती म्हणाली, त्या दिवशी पहिली दोन गाणी तिलाही स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, समोर गवत दिसत होतं आणि लांब भिंतीपलीकडे हलणारी रांग. त्या रांगेत आपलं कुणी असेल असं तिच्या मनात आलं होतं.

पुढच्या महिन्यात त्या ठाण्यात एका छोट्या सभागृहात वाजवणार आहेत, दीडशे खुर्च्या. आधी कॉलेजच्या मुलांचा एक नवा बँड आहे, त्यांचा पहिलाच कार्यक्रम, ६ वाजता. मी वेळ विचारून घेतली. कोण येणार? पाच वाजता तिकीट खिडकीपाशी भेटू. पर्स आणणार नाही, हिरवी ओढणी असेल.

उंची_पाच_फूट

मी. खुर्च्या आहेत म्हणजे दिसेल!

साडेपाचचा_पटदीप

पुण्याहून येतो. गाडीत जागा मिळाली नाही तरी येतो.

किक_पेडल

त्या मुलांना कुणी ओळखत असेल तर सांगा, माझ्याकडे जादा स्नेअर ड्रम आणि झांजांचे दोन स्टँड आहेत, आणून देतो. पहिल्या कार्यक्रमात काहीतरी तुटतंच.

चौथी_रांग

सहाला म्हणजे नक्की सहाला ना?

तुर्भे_लोकल

नक्की सहाला.